फटाके कोणासाठी होते?

पत्र

ताई, नमस्कार.

मी जिंतूर तालुक्यातला. फाट्यावर माझं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. आमचा एक लंगोटीयार सतरा वर्षं फौजेत होता. नायक म्हणून रिटायर झाला अन् मागच्या दिवाळीनंतर गावात आला. शेवटची तीन वर्षं काश्मिरात, आरआरमध्ये (राष्ट्रीय रायफल्स) होता. आम्ही पोरांनी वर्गणी काढून मिरवणूक काढली. उघडी जीप, डीजे, फेटा, सगळं. मारुतीच्या पारापाशी दहा हजारांची माळ लावली. माळ सुरू झाली अन् ह्यानं जीपमधून खाली उडी मारली, पाराच्या कट्ट्याआड डोकं खाली घालून बसला. फेटा रस्त्यावर. पोरांना वाटलं चेष्टा करतोय. कुणीतरी शूटिंग काढलं, त्यावर गाणं टाकून स्टेटसला ठेवलं. दोन दिवसांनी काढलं, पण तोवर तालुकाभर झालं होतं.

तेव्हापासून तो गावात मिसळत नाही. शेतातल्या आखाड्यावरच झोपतो. वहिनी सांगतात, रात्री दोन-तीनदा उठतो अन् टॉर्च न लावता धुऱ्याधुऱ्यानं चक्कर मारून येतो. चारला तर जागाच असतो. लग्नाला येत नाही. हॉटेलवर आला तर उभ्या उभ्या चहा घेतो, बाकड्यावर बसत नाही, पाच मिनिटांत निघतो. कॅन्टीनची बाटली आधी आम्हालाच द्यायचा, आता स्वतःच घेतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही असेल, एका देवस्थानाला नेऊन आणलं. गावात काहीजण म्हणतात फौजी सटकला. काहीजण म्हणतात, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, काय कमी आहे ह्याला, इथं शेतकऱ्याला कोण विचारतं. आता बँकेत गनमनच्या नोकरीचं चाललंय, त्यासाठी बंदुकीचा परवाना काढतोय.

ताई, आम्ही तर मान द्यायलाच गेलो होतो. आमचं चुकलं का? गावानं फौजीसाठी नेमकं काय करायचं असतं?

एक लिहायचं राहिलं. तो आल्या आल्या हॉटेलच्या शेडसाठी अन् फ्रीजसाठी त्याच्याकडून दीड लाख घेतलेत. द्यायचेत, पण तो मागत नाही.

— फाट्यावरचा मित्र

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मिरवणुकीसाठी, दुसऱ्यांदा त्या शेवटच्या ओळींसाठी. त्यांच्याकडं नंतर येते.

आधी बंदुकीचं. परवान्याचं काम सध्या थांबवायला सांगा. रात्र-रात्र न झोपणारा, एकटा राहणारा आणि प्यायला लागलेला माणूस घरात बंदूक आणून ठेवतोय, हे मला नको वाटतं. बँकेची नोकरी वाईट नाही, पण ती डॉक्टरांनी तपासल्यावर बघू. ‘काय अर्थ आहे जगण्यात’, ‘माझ्यामुळं सगळ्यांना त्रास’ असं काही त्याच्या तोंडून निघत असेल, तर त्याला सरळ विचारा, मरायचे विचार येतात का? विचारल्यानं डोक्यात भरतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता तुमचा प्रश्न. चुकलं का? हो, चुकलं. मनात वाईट नव्हतं हे मला कळतं, पण माळ लावताना त्याला कुणी विचारलं होतं का? जीप तुम्ही ठरवली, डीजे तुम्ही ठरवला, त्याच्या डोक्याला फेटा तुम्ही बांधला. तो सतरा वर्षं दुसऱ्यांच्या हुकमावर चालला आणि घरी आल्या दिवशीही दुसऱ्यांच्याच हुकमावर जीपमध्ये उभा राहिला. फटाके त्याच्यासाठी नव्हतेच, आपल्यासाठी होते. फौजी आपल्या गावचा आहे, हे आपणच आपल्याला ऐकवत होतो.

मी तीसएक वर्षं सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक म्हणून काढली. नोकरी नवी होती तेव्हाच किल्लारी झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. पुढच्या वर्षी आम्हाला औसा-उमरगा पट्ट्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांकडं पाठवायचे. तिथं एक आजी होती. पाऊस लागला तरी छपराखाली यायची नाही. ताट घेऊन लिंबाखाली बसायची, डोक्यावर पोतं घेऊन जेवायची. एकदा दुपारी कुणाच्या तरी हातून लोखंडी पेटीचं झाकण धाडकन पडलं. शेडची अख्खी रांग बाहेर पळाली, लेकरांना बगलेत मारून. मीही पळाले. मग कळलं, झाकण होतं. कुणी हसलं नाही. बायका परत आत गेल्या, एकीनं चुलीवर चहा ठेवला, मलाही दिला.

त्या आजीला ‘सटकली’ म्हणायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. प्रत्येकाच्या घरचं माळवद कोसळलेलं. एका भूकंपानं सगळं गाव हललेलं होतं, म्हणून झाकण पडल्यावर पळणं हे तिथं वागण्या-बोलण्यातलं झालं होतं.

तुमच्या मित्राला जो भूकंप झाला, तो गावात दुसऱ्या कुणालाच झालेला नाही. तो पळाला तेव्हा तो एकटाच पळाला, आणि बाकी सगळे मोबाइल घेऊन उभे होते. गावानं काय करायचं असतं, असं तुम्ही विचारता. त्याचं हे एकटं पडणं कमी करायचं. बाकी मी जे सांगणार आहे ते सगळं ह्याच्याच पोटातलं आहे.

(आणि किल्लारीत त्या दगडामातीखालून माणसं उपसायला कोण आलं होतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यात लष्कराचे जवान होते. त्यांनाही रात्री काय काय दिसत असेल, हे आम्ही तेव्हा कुणी विचारलं नाही.)

स्फोटाचा आवाज झाला की आडोसा घ्यायचा, हे त्याचं शिक्षण आहे. अर्धा सेकंद उशीर झाला तर काय होतं, हे त्यानं पाहिलं असणार. तसंच धुऱ्यावरचं. टॉर्च का लावत नाही, तर उजेड लावणारा आधी दिसतो. तो पहारा देतोय, भाऊ. माणूस रिटायर झाला, पण शरीराला अजून बदलीचा हुकूम पोचलेला नाही. हे महिनाभराच्या पुढं चाललं, झोप उडाली, दचकणं, टाळणं, चिडणं वाढलं, की डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर मनात राहून गेलेल्या ताणाच्या आजाराचा, विचार करतात. १९८० साली हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या पुस्तकात आलं. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, ह्यालाच ‘शेल शॉक’ म्हणायचे, आणि तेव्हा अशा काही सैनिकांना भित्रे ठरवून स्वतःच्याच फौजेनं गोळ्या घातल्या. आपण निदान स्टेटस ठेवणं तरी थांबवू.

तुमच्या मित्राला हेच आहे, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. उदासी असेल, दारूचं असेल, तिन्ही मिसळलेलं असेल. ते डॉक्टर बघतील. पण त्याच्याशी बोलताना ‘मानसिक’ हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका. झोपेवरून सुरुवात करा. ‘झोप येत नाही तर दाखवून येऊ, मीही येतो, दुपारी परत येऊ,’ एवढंच. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ईसीएचएसचं कार्ड काढलेलं असेल (माजी सैनिकांच्या उपचारांची ही योजना एप्रिल २००३ पासून आहे आणि पेन्शनरला लागू आहे) तर त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून पुढं पाठवतात. यायलाच तयार नसेल तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलतात. त्यांचा सैन्यदलातल्या लोकांसाठी एक खास कक्षही पुण्यात एएफएमसी ह्या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. आधी तुम्ही फोन लावा. मित्रानं लावला तरी चालतो.

गोळ्या लागल्या तर चार-सहा आठवडे दम धरायला सांगा. आपल्याकडं आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून पाकीट फेकून देतात. नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, बोलून करायचे उपचारही असतात, आणि ते लागू पडतात. मी अशी माणसं घरच्या लग्नात वाढप करण्याइतकी सावरलेली पाहिली आहेत. देवस्थानाला नेलं त्याबद्दल घरच्यांशी भांडू नका. आईबापांच्या जिवाला तेवढाच आधार. देवानं काही डॉक्टरकडं जायला बंदी केलेली नाही, असं म्हणून पाहा. दारूचं मात्र जपून. रोज भरपूर घेणारा असेल तर घरच्या घरी एकदम तोडायला लावू नका, जिवावर येऊ शकतं. डॉक्टरच्या देखरेखीत सोडवतात.

आणि दारूवरून एक बोलायचंच आहे. कॅन्टीनची बाटली आधी तुम्ही प्यायलात. गावोगाव हेच चालतं. फौजी आला की पहिला प्रश्न ‘कोटा किती?’ आणि दोन घोट पोटात गेले की दुसरा प्रश्न, ‘किती मारले?’ हा दुसरा प्रश्न कुणी विचारू नये, यासाठी काय करता येईल ते करा. तो ‘एक’ म्हणाला तरी त्याची झोप जाते, ‘शून्य’ म्हणाला तरी गाव तोंड वाकडं करतं. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, कदाचित दहा वर्षांनी, कदाचित बैलाला पाणी पाजताना. तेव्हा ऐका. आपलं मत देऊ नका.

आता दीड लाख.

जवान रिटायर होतो तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असतो, लेकरं शाळेत असतात, आणि हातात आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम येते. ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे, आणि पेन्शन विकून आलेले. हे पेन्शन विकणं गावात कुणाला कळत नाही. सैनिकाला पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. मग पंधरा वर्षं दरमहा तेवढी कापलेली पेन्शन हातात येते. म्हणजे तुमच्या शेडचे पत्रे कदाचित त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांतल्या पेन्शनमधून बसलेत. तुमचा फ्रीज थंड आहे, आणि तो मागत नाही. मागणारही नाही, कारण ज्याला माळेच्या आवाजावर गाव हसलं, तो गावात जाऊन पैसे कुठल्या तोंडानं मागेल?

तुम्ही एकटे नसणार, हे मला लिहायची गरज नाही. मेहुण्याला ट्रॅक्टरचा हप्ता, चुलत्याला बोअर, कुणी प्लॉटवाला, कुणी ‘सहा महिन्यांत दामदुप्पट’वाला. फौजी आला की गावाला माणूस दिसायच्या आधी पासबुक दिसतं. तुम्ही विचारलंत गावानं काय करायचं. घेतलेलं परत करायचं, ही पहिली गोष्ट. महिन्याला पाच हजार दिलेत तर तीस महिन्यांत फिटतं. कागदावर लिहा, सही करा, तारीख ठरवा, पैसे त्याच्या खात्यावर टाका. ‘होतील तसे देतो’ म्हणू नका. चारचौघांत परत करून मोठेपणाही घेऊ नका.

पहिला हप्ता टाकलात की मग माफी मागायला जा. आधी नको. एकटेच जा, आखाड्यावर, दिवसाउजेडी, आणि लांबूनच हाक मारत जा. मागून जाऊन खांद्यावर हात टाकू नका. ‘चुकलं गड्या, तुला विचारायला पाहिजे होतं,’ इतकं बोला आणि गप्प बसा. तो ‘जाऊ दे’ म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. दोन्ही चालतं. आणि तो व्हिडिओ ज्या ज्या मोबाइलमध्ये आहे, त्यांच्या घरी जाऊन समोर उभं राहून पुसायला लावा. सगळे पुसले जाणार नाहीत. तुम्ही दारोदार हिंडलात, हे मात्र त्याच्या कानावर जाईल.

‘शेतकऱ्याला कोण विचारतं’ म्हणणाऱ्यांवर मी चिडत नाही. मराठवाड्यात हा प्रश्न पोटातून येतो. पण आठवा, शेतकऱ्यानं जीव दिला की पूर्वी आपण म्हणायचो, पिणारा होता, कमजोर होता. ते फक्त कमजोरीचं नसतं, त्यात कर्ज असतं, नापिकी असते आणि उदासीचा आजारही असतो, हे कळायला आपल्याला किती घरं मोजावी लागली. मग कुठं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, १०४ ह्या फोन नंबरवर समुपदेशन आलं, आशाताई घरोघर विचारायला लागल्या. फौजीच्या बाबतीत आपण अजून ‘सटकला’ पाशीच आहोत. आणि हे दोघं वेगळे कुठं असतात? एकाच घरात थोरला कापूस वेचतो आणि धाकटा सीमेवर असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. परभणीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं नोंदणी झाली आहे का बघा. घरपट्टीची माफी राज्यात २०२० पासून आहे, ग्रामपंचायत हद्दीतही, पण अर्ज कुणी द्यायचा, ह्यावर अडतं. राज्याच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्यापलीकडंही वाटा आहेत. पेन्शन ‘स्पर्श’वर (सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) असेल तर हयातीचा दाखला दरवर्षी विसरू नका. वकिलाची गरज पडली तर विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहाय्यता योजना जुलै २०२५ पासून आहे. ह्यातलं त्याला बरंच माहीत असेल. माहिती असणं वेगळं, आणि रांगेत उभं राहायचं बळ असणं वेगळं. रांगेत तुम्ही उभे राहा.

गणपती, शिवजयंती, लग्नाच्या वराती बंद करा, असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण मिरवणूक आखाड्याच्या बाजूनं जाणार असेल तर तासभर आधी निरोप द्या. ‘सातला निघेल, पाराजवळ माळ लागेल.’ त्रास आवाजापेक्षा अचानकपणाचा जास्त असतो. माहीत असलेला आवाज पुष्कळांना सोसतो, नाही सोसला तर तो तेवढा वेळ गाडी काढून येलदरीकडं जाऊन येईल. स्वातंत्र्यदिनाला झेंड्यापाशी उभं करायचं तेही आधी विचारून, आणि ‘नको’ म्हणाला तर पुन्हा न विचारता.

वहिनींना विसरू नका. इतकी वर्षं त्या एकट्यानं घर चालवत होत्या, नवरा आला आणि रात्री त्या आखाड्याकडं कान लावून जाग्याच. त्यांना ‘तुम्ही समजून घ्या’ असं सांगायला कुणी जाऊ नये. तुमच्या घरच्यांना म्हणावं, दुपारी जाऊन बसा, निवडटिपण करा, लेकरांना इकडं आणा.

आणि एक. तुमच्या फाट्यावर पहाटे भरतीची पोरं पळत असतील. सगळ्या मराठवाड्यात डांबरी रस्त्यांवर पळतात. जून २०२२ ला अग्निपथ योजना आली, तेव्हापासूनच्या भरतीत ती अग्निवीर म्हणून जातात, चार वर्षांसाठी. चारातला एकच पुढं राहणार. पहिली तुकडी २०२७ च्या सुरुवातीपर्यंत बाहेर पडेल. सेवानिधीचे अकरा-बारा लाख हातात, वय पंचविशीच्या आसपास, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, ठरलेल्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तेव्हा त्या पोरांच्या पासबुकाला कोण कोण चिकटेल, ते तुम्हाला आताच ठाऊक आहे. तुमचा मित्र चारला जागाच असतो. कधी बरं वाटलं तर सोळाशे मीटरची वेळ लावायला येतो का, असं त्या पोरांनाच विचारू द्या. तुम्ही मध्ये पडू नका. नाही आला तर नाही.

आता तुमच्या बाकड्याचं. तुम्ही लिहिलंत, तो बसत नाही. फाट्यावरच्या हॉटेलांचं मला माहीत आहे, बाकडं रस्त्याला पाठ करून ठेवतात, गिऱ्हाइकाचं तोंड भट्टीकडं. पाठीमागून ट्रक गिअर बदलत जातात, ब्रेक करकरतात, आणि मागून कोण आलं ते दिसत नाही. तो तिथं कसा बसेल? एक बाकडं उचला आणि आतल्या भिंतीला लावा, पाठ भिंतीकडं, तोंड रस्त्याकडं. कशासाठी फिरवलं ते कुणाला सांगू नका, त्यालाही नाही.